संदर्भ विभागात रोज विचारले जाणारे प्रश्न

संदर्भ विभागाच्या टेबलाशी येणारे वाचक आणि या विभागात नव्याने रुजू होणारे सहकारी, या दोघांनाही पडणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागते.

संदर्भ सेवा म्हणजे नेमकं काय?

वाचकाला हवी असलेली माहिती आणि ती जिथे आहे ती साधनं, यांची गाठ घालून देणं. देवघेव विभागात पुस्तक हातात पडतं. संदर्भ विभागात पुस्तकातलं नेमकं पान, तक्ता, तारीख, लेख किंवा नकाशा हातात पडायला हवा, निदान तो कसा शोधायचा हे तरी कळायला हवं.

ही कल्पना ग्रंथालयांइतकी जुनी नाही. १८७६ साली फिलाडेल्फियात ग्रंथपालांची परिषद भरली आणि तिच्यातूनच अमेरिकन ग्रंथालय संघ जन्माला आला. वुस्टर शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सॅम्युअल ग्रीन यांनी तिथे आग्रहाने मांडलं, की ग्रंथपालाने वाचकांत मिसळावं, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत, पुस्तक निवडायला मदत करावी, ग्रंथालय वापरायला शिकवावं. पुढे १९३१ मध्ये भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आणि ‘वाचकाचा वेळ वाचवा’ ही दोन सूत्रं म्हणजे या विभागाचं रोजचं काम आहे.

सगळं इंटरनेटवर मिळतं. मग संदर्भ ग्रंथपाल कशाला हवा?

बरंच मिळतं, हे खरंच आहे. एखाद्या देशाची राजधानी किंवा एखाद्याचं जन्मवर्ष विचारायला आता क्वचितच कुणी येतं. त्यामुळे टेबलाशी येणारे प्रश्न सोपे राहिलेले नाहीत. येणारा वाचक बहुतेक वेळा स्वतः शोधून दमलेला असतो, आणि तो का दमला हे पाहिलं की या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

कधी त्याला नेमका शब्द माहीत नसतो. घरातली वयस्कर माणसं न्हाणीघरात घसरून पडतात, त्यावर काय उपाय करता येतात, हे शोधणाऱ्याला नेहमीच्या शब्दांनी पायपुसण्यांच्या आणि आधारदांड्यांच्या जाहिरातीच मिळतात. वैद्यकीय डेटाबेसमध्ये या विषयाला ‘ॲक्सिडेंटल फॉल्स’ असा ठरलेला विषयशब्द आहे. तो टाकला की त्याच विषयावरचं संशोधन समोर येतं. वाचकाकडे मेहनत होती, किल्ली नव्हती.

कधी लेख सापडतो, पण पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. तोच लेख ग्रंथालयाच्या वर्गणीत असतो, किंवा लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या संग्रहात तो मोफत ठेवलेला असतो.

आणि कधी दोन ठिकाणी दोन आकडे सापडतात. एकाच शहराची लोकसंख्या एका जागी एक, दुसरीकडे जवळजवळ दुप्पट. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण एकाने शहराची प्रशासकीय हद्द धरलेली असते, दुसऱ्याने उपनगरंही मोजलेली असतात. कुणी मोजलं, कधी मोजलं आणि काय मोजलं, हे तीन प्रश्न आकड्याला विचारायची सवय म्हणजे या कामाचा अर्धा भाग.

मी एक साधा प्रश्न विचारला, तर ग्रंथपाल उलट मलाच चार प्रश्न का विचारतात?

या पानावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाचक जे विचारतो आणि त्याला जे हवं असतं, त्यात बहुतेक वेळा अंतर असतं. ही वाचकाची चूक नाही. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली या अंतराच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी नुसतीच एक उणीव जाणवते, तिला शब्द नसतात. मग ती मनात आकार घेते. मग माणूस ती नीट शब्दांत मांडू शकतो. आणि शेवटी, ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा अंदाज बांधून तो तिला मुरड घालतो आणि तो बेतलेला प्रश्न आपल्यासमोर ठेवतो. आपल्या कानावर पडते ती ही चौथी पायरी. तिथून मागे जायचं, तर विचारावंच लागतं.

एक उदाहरण घ्या. वाचक येतो आणि म्हणतो, “झाडांवरची पुस्तकं कुठे आहेत?” ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, पुस्तकं लावलेल्या ग्रंथालयात वनस्पतिशास्त्र ५८० च्या वर्गात असतं. कपाट दाखवलं की काम झालं असं वाटतं. पण त्याला विचारलं, “झाडांबद्दल काय पाहताय?” तर म्हणतो, “मुळांबद्दल.” पुन्हा विचारलं, “मुळांचं काय?” तेव्हा कळतं, की घराच्या भिंतीला तडा गेलाय, शेजारी मोठं झाड आहे आणि झाड तोडावं की नाही यावरून घरात वाद चाललाय. म्हणजे त्याला हवंय ते पायाच्या अभियांत्रिकीत, ६२४ च्या वर्गात. चिकणमातीची जमीन पाणी शोषलं की फुगते आणि कोरडी पडली की आकसते. मोठं झाड तिच्यातलं पाणी ओढून घेतं, म्हणून पाया एका बाजूने खचू शकतो. मोठं झाड एकदम तोडलं, तर तीच जमीन पुन्हा पाणी धरून फुगायला लागते, हेही त्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं. तो वाचक ५८० च्या कपाटापाशी संध्याकाळपर्यंत उभा राहिला असता, तरी यातलं काही त्याच्या हाती लागलं नसतं.

म्हणून आम्ही विचारतो. प्रश्न मोकळे ठेवतो: काय पाहताय, कुठवर शोधलंत, माहिती कशासाठी लागणार आहे. ‘का’ हा शब्द मात्र मी टाळतो. “हे का हवंय?” म्हटलं, की समोरचा माणूस खुलासा द्यायला लागतो. “हे कुठे वापरणार आहात?” म्हटलं, की मोकळेपणाने सांगतो.

माझा प्रश्न फार किरकोळ असेल तर?

विचारा. किरकोळ प्रश्न असा काही वेगळा कप्पा आमच्याकडे नाही. “तुम्ही कामात आहात, पण...” असं म्हणत येणारे वाचक पाहिले की वाटतं, आमच्या बसण्यातच काहीतरी चुकलं असावं. टेबलावर बसलेल्याचं डोकं सतत पडद्यात असेल, तर वाचक मागे फिरतो, आणि तो मागे फिरला हे आपल्याला कळतही नाही.

उत्तर मिळायला किती वेळ लागतो?

रंगनाथन यांनी याचे दोन भाग केले होते, ते आजही उपयोगी पडतात. तत्पर संदर्भ सेवा म्हणजे पत्ता, व्याख्या, तारीख, सूत्र यासारखी उत्तरं, जी काही मिनिटांत मिळतात. दीर्घव्याप्ती संदर्भ सेवेत शोध तासभर चालतो किंवा आठवडाभरही, कारण जुनी नियतकालिकं, अहवाल, पत्रव्यवहार, सूची चाळाव्या लागतात. काम कोणत्या प्रकारचं आहे हे वाचकाला सुरुवातीलाच सांगावं. वाचकाला मुदत असेल तर तीही आधी विचारून घ्यावी. परवा सादर करायच्या निबंधासाठी पुढच्या आठवड्यात सापडलेला उत्तम ग्रंथ त्याच्या काहीच कामाचा नसतो.

एआय चॅटबॉटने मला संदर्भांची यादी दिली आहे. त्यातले लेख ग्रंथालयात का सापडत नाहीत?

बरेचदा ते लेख अस्तित्वातच नसतात म्हणून. भाषेचं हे तंत्र शब्दांमागून शब्द कसे येतात याच्या सरावावर चालतं. संदर्भ कसा दिसतो हे त्याला नेमकं ठाऊक असतं, पण तसा लेख खरोखर छापला गेलाय का, हे त्याने पाहिलेलंच असतं असं नाही. म्हणून लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, विषय जुळणारा, आणि लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही, असं घडतं. वाचकाला ओशाळं वाटू देऊ नये. यादी इतकी व्यवस्थित असते, की कुणीही फसेल.

तपासायची रीत सोपी आहे, ती वाचकालाच शेजारी बसवून दाखवावी. समजा यादीत एक लेख आहे: वर्ष २०१९, खंड १४. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर पाहिलं तर २००४ साली खंड १२ निघालेला दिसतो, आणि दरवर्षी एकच खंड निघतो. म्हणजे २०१९ साली खंड २७ असायला हवा. इथेच नोंद डळमळली. मग खंड १४ म्हणजे २००६ सालची अनुक्रमणिका उघडायची आणि दिलेल्या पृष्ठांवर काय आहे ते पाहायचं. तिथे भलताच लेख निघतो. मग २०१९ ची अनुक्रमणिका, मग लेखकाच्या प्रकाशित लेखांची यादी. डीओआय क्रमांक, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिलेला असेल तर सगळ्यात आधी तो पाहावा. तो १० या आकड्याने सुरू होतो, आणि खरा असेल तर डीओआयच्या संकेतस्थळावर टाकताच थेट लेखाच्या पानावर नेतो. तिथला लेख यादीतल्या नोंदीशी जुळतो का हेही बघावं, कारण क्रमांक खरा आणि लेख दुसराच, असंही होतं.

चॅटबॉट वापरू नका असं मी कुणाला सांगत नाही. एखाद्या विषयाचे पर्यायी शब्द सुचवून घ्यायला, अवघड उतारा सोप्या भाषेत समजून घ्यायला त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र तो ज्या लेखाचं नाव घेतो, तो लेख स्वतः उघडून वाचल्याशिवाय संदर्भ म्हणून देऊ नये. शोधनिबंधाखाली नाव आपलं असतं.

छापील कोश आणि वार्षिकं अजून का ठेवली आहेत?

एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची छपाई १७६८ मध्ये सुरू झाली आणि छापील आवृत्ती बंद करत असल्याचं २०१२ मध्ये जाहीर झालं, तेव्हा बऱ्याच जणांनी हाच प्रश्न विचारला होता. ताज्या माहितीसाठी छापील कोश पाहायची गरज आता फारशी उरलेली नाही. पण १९६० साली एखाद्या विषयाबद्दल काय मानलं जात होतं, हे पाहायचं तर १९६० चाच कोश लागतो. ऑनलाइन नोंद सुधारली जाते तेव्हा जुना मजकूर बहुतेक ठिकाणी दिसेनासा होतो. छापील पान मात्र जसं होतं तसंच राहतं.

मेलेल्या लिंकांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. वाचक जुन्या अहवालाची लिंक घेऊन येतो आणि पान उघडत नाही. अशा वेळी इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन पाहावं. २००१ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे आणि असंख्य पानांच्या जुन्या प्रती तिथे तारखेनिशी मिळतात.

प्रत्यक्ष यावं, फोन करावा, ईमेल पाठवावी की चॅटवर विचारावं?

प्रश्न पाहून ठरवा. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची फोनवरची संदर्भ सेवा १९६८ पासूनची, म्हणजे दुरून विचारणं काही नवं नाही. २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी क्वेश्चनपॉइंट ही ऑनलाइन संदर्भ सेवा सुरू केली, तेव्हापासून अनेक ग्रंथालयांनी एकत्र येऊन ऑनलाइन प्रश्न वाटून घ्यायची पद्धतही रुळली. एका ग्रंथालयात रात्र असते तेव्हा दुसऱ्यात दिवस असतो.

झटपट प्रश्नाला चॅट बरं पडतं. पार्श्वभूमी सांगावी लागणार असेल तर ईमेल, पण तिच्यात विषय, आतापर्यंत काय पाहिलं, कोणत्या भाषेतलं चालेल आणि कधीपर्यंत हवं हे लिहा. नुसतं “कृपया माहिती पाठवावी” असं आलं, की दोन दिवस पत्रोत्तरातच जातात. प्रबंधाचा विषय असेल तर वेळ ठरवून समोर बसलेलं चांगलं.

चॅटवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी एवढंच, की समोरच्याला तुम्ही शोधताय हे दिसत नाही. तीन मिनिटं शांत राहिलात तर त्याला वाटतं, तुम्ही उठून गेलात. “दोन डेटाबेस पाहतोय, थांबा” एवढं लिहिलं तरी तो थांबतो.

आजाराबद्दल किंवा कायद्याबद्दल विचारलं तर सल्ला द्याल का?

सल्ला नाही, साधनं देऊ. कायद्याचं कलम काढून देऊ, त्याचा अर्थ तुमच्या खटल्यात काय होतो ते वकील सांगेल. औषधाची अधिकृत माहिती काढून देऊ, ते घ्यावं की नाही हे डॉक्टर सांगतील. हात झटकण्यासाठी घातलेली ही मर्यादा नाही. संपूर्ण हकीकत आमच्यासमोर नसते, आणि अर्ध्या हकीकतीवर दिलेलं मत घातक ठरू शकतं.

अशा प्रश्नांत लेख शोधण्याइतकंच तो अजून उभा आहे का हे पाहणं गरजेचं असतं. लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा लेख १९९८ साली द लॅन्सेटमध्ये आला आणि २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याची जुनी छायाप्रत हातात घेऊन कुणी आलं, तर ती नामांकित नियतकालिकातलीच असते, पृष्ठक्रमांकही बरोबर असतात. मागे घेतल्याची नोंद मात्र त्या कागदावर नसते. ती दाखवणं हे आमचं काम, आणि ते आवाज न चढवता, कुणाला खाली न पाडता करायचं काम आहे. आईबाप मुलाच्या काळजीने आलेले असतात.

मी काय विचारलं हे इतरांना कळेल का?

कळता कामा नये. वाचकाचा प्रश्न आणि त्याची वाचनाची नोंद खासगी आहे, हे तत्त्व इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की नाजूक प्रश्न हॉलमध्ये मोठ्याने पुन्हा उच्चारायचा नाही, प्रश्ननोंदवहीत प्रश्न लिहायचा पण नाव लिहायचं नाही, आणि सार्वजनिक संगणकावरचा शोध-इतिहास पुसायचा. वाचकांनीही उठताना आपल्या खात्यातून बाहेर पडायचं विसरू नये.

हवं ते पुस्तक किंवा लेख तुमच्याकडे नसेल तर?

आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवतो. त्यासाठी नोंद अचूक लागते. पुस्तकासाठी आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक सगळ्यात उपयोगी. २००७ पासून तो १३ अंकी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर १० अंकी असतो. नियतकालिकासाठी तसाच आठ अंकी आयएसएसएन आणि खंड, अंक, पृष्ठं. संपूर्ण पुस्तकाची छायाप्रत मागू नका, स्वामित्वहक्काच्या कायद्यामुळे ती देता येत नाही. एखादं प्रकरण किंवा लेख, तेही अभ्यासापुरता, किती देता येईल हे देशोदेशीच्या कायद्यावर अवलंबून असतं.

प्रबंधासाठी सगळे संदर्भ तुम्हीच काढून द्याल का?

शोध कसा बांधायचा ते तुमच्याबरोबर बसून करू. विषयाचे दोन-तीन मुख्य घटक वेगळे करायचे, प्रत्येकाचे पर्यायी शब्द ‘ऑर’ने जोडायचे (म्हणजे त्यातला कोणताही चालेल), मग ते गट ‘अँड’ने एकत्र आणायचे (म्हणजे प्रत्येक गटातलं काहीतरी हवंच). वीस मिनिटांत हे हाताला बसतं आणि पुढची अनेक वर्षं पुरतं. निवड मात्र तुमची. कोणता लेख तुमच्या युक्तिवादाला लागू आहे, हे तुमच्याइतकं आम्हाला कळणार नाही.

माझ्या विषयावर नवीन काही आलं तर कळवाल का?

हो. नव्याने आलेल्या साहित्याची सर्वांना माहिती देणारी प्रचलित जागरूकता सेवा आणि एकेका वाचकाच्या विषयानुसार चालणारी निवडक माहिती प्रसारण सेवा, अशा दोन सेवा आहेत. दुसरीची कल्पना आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५८ च्या सुमारास मांडली. आता बहुतेक डेटाबेसमध्ये तुमचा शोध साठवून ठेवला की नवा लेख येताच ईमेल येते. पहिल्या महिन्यात फार गर्दी झाली तर कंटाळून बंद करू नका, आमच्याकडे या. दोन शब्द बदलले की गाळणी नीट बसते.

ग्रंथपालाचं उत्तर चुकू शकतं का?

चुकू शकतं. पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅक्क्लूर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये याविषयी लिहिलेला लेख आमच्या व्यवसायाला चांगलाच लागला. चाचणी आहे हे कळू न देता संदर्भ ग्रंथपालांना विचारलेल्या वस्तुस्थितीच्या प्रश्नांना बरोबर उत्तर मिळण्याचं प्रमाण सुमारे ५५ टक्के, असं त्यांनी दाखवलं. त्यावर बरीच टीका झाली. असे छोटे प्रश्न म्हणजे संपूर्ण संदर्भ सेवा नव्हे, हा आक्षेप मलाही पटतो. तरीही तो आकडा लक्षात ठेवावा. त्याच्यावरचा उपाय साधा आहे: उत्तरासोबत स्रोत द्यायचा, आठवणीतून उत्तर द्यायचं नाही, आणि वाचक उठण्याआधी विचारायचं, “तुम्हाला हवं होतं ते मिळालं ना?” या एका वाक्याने किती चुका टेबलावरच पकडल्या जातात, हे मी रोज पाहतो.

या विभागात नव्याने आलो आहे. सुरुवात कुठून करू?

प्रश्ननोंदवहीपासून. मागच्या वर्षभराचे प्रश्न वाचा आणि त्यातले दहा स्वतः पुन्हा सोडवा. नंतर आपल्या ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, एकच पुस्तक लेखकाने, विषयाने आणि चुकीच्या अक्षरांनी शोधून पाहा. वाचक चुकीच्या अक्षरांनीच शोधतो, आणि मग पुस्तक नाहीच असं समजून निघून जातो. आठवड्यातून एक संदर्भग्रंथ घ्या आणि त्याची प्रस्तावना व सूची वाचा. मधला मजकूर गरजेपुरता कळत जातो, पण काय घेतलं आहे आणि काय वगळलं आहे हे प्रस्तावनेतच सांगितलेलं असतं.

कामाची मोजदाद किती प्रश्न आले एवढ्यावर करू नका. “स्वच्छतागृह कुठे आहे?” आणि झाडाच्या मुळांचा प्रश्न, दोन्हींची एकेक रेघ पडते. नोंदवहीत किती वेळ लागला आणि कोणती साधनं पाहिली, एवढे दोन रकाने वाढवा.

शोधूनही उत्तर सापडलंच नाही तर?

तसं सांगतो. पण नुसतं “नाही” म्हणून पाठवत नाही. कोणत्या डेटाबेसमध्ये पाहिलं, कोणते शब्द वापरले, कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंतचे अंक चाळले, हे एका कागदावर लिहून देतो, म्हणजे पुढच्या ठिकाणी तोच शोध पुन्हा करावा लागत नाही. माहिती दुसऱ्या ग्रंथालयात, अभिलेखागारात किंवा त्या विषयाच्या संस्थेत असण्याची शक्यता असेल, तर आधी तिथे फोन करून विचारतो आणि मगच वाचकाला पाठवतो. प्रश्न नोंदवहीत ‘अनुत्तरित’ म्हणून राहतो. महिन्यातून एकदा आम्ही ती पानं काढून बसतो. मधल्या काळात नवी सूची आलेली असते, एखादं जुनं नियतकालिक स्कॅन होऊन खुलं झालेलं असतं, आणि कधीतरी सहा महिन्यांपूर्वी आलेल्या वाचकाला फोन जातो, “तुमचं सापडलं.” वाचकाने परवानगी दिली असेल, तर त्याचा नंबर या फोनसाठीच वेगळ्या चिठ्ठीवर ठेवलेला असतो. फोन झाला की ती चिठ्ठी फाडून टाकायची.